मडावीच्या पाच ओळी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमची प्लाटून सरहद्दीवरच्या एका चौकीवर होती. उंची अकरा हजार फूट. माणसं अठ्ठावीस. मी हवालदार होतो आणि चौकीचा वायरलेस ऑपरेटर. चौकीचं नाव आणि सेक्टर इथे लिहीत नाही. या हकिकतीला त्याची गरज नाही.

दिवस ठरलेला असे. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्च्यावर. ०९०० ला वाटेवरचं बर्फ काढणं. ११०० ला हत्यारांची सफाई. १७०० ला खाली कंपनी हेडक्वार्टरला वायरलेसवर दिवसाचा अहवाल. आठवड्यातून एकदा लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या चौकीपर्यंतची गस्त. दुपारी १४०० ते १६०० माणसं मोकळी असत. त्या वेळात बंकरमध्ये पत्ते चालत, किंवा मडावीची पेटी उघडे.

लान्स नाईक सुकलाल मडावी सालेकसा तालुक्यातला, जंगलाला लागून असलेल्या गावचा. मी आमगावजवळचा. गोंदिया जिल्ह्याचे चौकीवर आम्ही दोघंच. बाकीच्यांशी हिंदी, आपसात आपली बोली. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो मला भाऊ म्हणे.

त्याची पेटी म्हणजे दारूगोळ्याची रिकामी लाकडी पेटी. तीत पुस्तकं होती. सुट्टीवर गेला की परत येताना तो गोंदियात रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या रद्दीवाल्याकडे तास-दोन तास बसे आणि वजनावर पुस्तकं घेई. निवड रद्दीवाल्याच्या ढिगाची, मडावीची नव्हे. त्यामुळे पेटीत काहीही असे. हिमालयातल्या झाडा-पक्ष्यांचं एक पुस्तक. मुलांसाठीच्या गोष्टी, बोलणाऱ्या प्राण्यांच्या आणि पळून गेलेल्या राजपुत्रांच्या. बुद्धचरित्र, भजनं, येशूच्या दृष्टान्तांची पुस्तिका, सुफी संतांच्या कथा. कॉमिक्सचे दोन गठ्ठे. आणि सरहद्दीच्या जुन्या व्यापारी वाटांचा एक इतिहास, हिंदीत, कव्हर नसलेला. लेखकाचं नाव फाटून गेलेलं होतं.

मडावी हे सगळं सारख्याच लक्षानं वाची. मी त्याला एकदा म्हटलं होतं, की तुझ्या पेटीत देवबी आहे, भूतबी आहे अना चिमणीबी आहे, तुले नेमकं पाह्यजे का? तो म्हणाला, "भाऊ, आमच्या आश्रमशाळेत पुस्तकाचं कपाट होतं. चाबी हेडमास्तरच्या खिशात राहे. सात वर्षं काचेतून नुसती नावं वाचलो. आता आतलं वाचून राह्यलो."

चौकीवर त्याची पुस्तकं सगळेच नेत, पण सर्वांत जास्त फिरत ती कॉमिक्स. म्हणून त्याचं नाव पडलं कॉमिक्स मास्टर. हे नाव सुभेदार साहेबांनी दिलं. ते गढवालचे, चौकीचे प्रमुख, नोकरी सव्वीस वर्षांची. मडावी चांगला सैनिक आहे हे त्यांना मान्य होतं. तो वाचतो हे त्यांना पोरकट वाटे. जेवणाच्या रांगेत ते विचारत, "क्यों मास्टर, आज राक्षस मरा कि नहीं?" माणसं हसत. मडावीही हसे. मीही हसे.

त्या आठवड्यात सोमवारपासून तीन दिवस बर्फ पडलं. गुरुवारी उघडलं आणि दुपारी ऊब आली. लिंक पेट्रोल शुक्रवारी ०६०० ला निघणार होतं. माणसं सहा, लीडर मडावी.

शेजारच्या चौकीकडे जायला दोन वाटा होत्या. एक नाल्यातून, दीड तासाची. दुसरी वरच्या कड्यावरून. तिला रिज म्हणत. ती पाच तासांची आणि वाऱ्यावरची. दोन हिवाळे प्रत्येक पेट्रोल नाल्यातूनच गेलं होतं आणि कधी काही झालं नव्हतं.

गुरुवारी १६३० ला मडावी सिग्नल बंकरमध्ये आला. हातात घडी घातलेला कागद. त्यानं मला आधी तोंडी सांगितलं. नाल्याच्या वरच्या उतारावर भूर्जाची झाडं आहेत. ती सगळी बुंध्यापाशी खालच्या बाजूला वाकलेली आहेत, आणि मनगटाहून जाड एकही नाही. त्याच्याकडच्या झाडांच्या पुस्तकात याचा अर्थ दिला होता: त्या उतारावरून बर्फ वारंवार खाली येतं, म्हणून झाड मोठं होतच नाही. इतिहासाच्या पुस्तकात याच खोऱ्याचं नाव होतं. तिबेटकडून येणारे व्यापारी माघापासून चैत्रापर्यंत नाला सोडून कड्यावरून जात, कारण एका वर्षी नाल्यात खेचरांसकट माणसं गाडली गेली होती. कड्यावर त्यांनी दगडाचा निवारा बांधला होता असं पुस्तक सांगत होतं. ऑक्टोबरात मडावी त्या कड्यावर गेला होता. निवाऱ्याच्या तीन भिंती त्यानं स्वतः पाहिल्या होत्या. पुस्तक खोटं नव्हतं. आता जुन्या कडक बर्फावर तीन दिवसांचं नवं बर्फ होतं आणि वर ऊन. पेट्रोल कड्यावरून न्यावं, नाहीतर दोन दिवस थांबवावं, एवढीच त्याची मागणी होती.

कागदावर हेच हिंदीत पाच ओळींत लिहिलं होतं.

तो त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. सुभेदार साहेब मागे उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "किताब में लिखा है, इसलिए कंपनी रास्ता बदले?"

मडावी म्हणाला, "साहब, पेड़ मैंने खुद देखे हैं."

"कौन सी किताब है? वही राक्षसवाली?"

बंकरमध्ये आणखी दोघं होते. ते हसले. सुभेदार साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी अडवलं नाही. "भेज दो. कंपनी कमांडर तय करेंगे," असं म्हणून ते बाहेर गेले.

मडावीनं कागद माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "भाऊ, पुरं धाडजो. कारण नाई सांगतलं त साहेब मानणार नाई."

मी म्हटलं, "धाडतो."

वायरलेसवर बोलण्याची शिस्त असते. कोण, काय, कुठे, केव्हा. कारणं सांगायची नाहीत. विशेषणं नाहीत. या कामात मी चांगला होतो. दोन वर्षांपूर्वी सिग्नल्सच्या अधिकाऱ्यानं सर्वांसमोर माझं नाव घेऊन सांगितलं होतं, संदेश कसा असावा ते याच्याकडून शिका. वीस शब्दांवर माझा संदेश सहसा जात नसे.

१७०० ला अहवाल दिला. त्यानंतर मडावीचा संदेश पाठवला, तो असा:

"लिंक पेट्रोल लीडर रेकमेंड्स रिज रूट. फ्रेश स्नो इन नाला. रिक्वेस्ट डिसिजन. ओव्हर."

ओव्हर सोडून बारा शब्द. झाडं नाहीत, व्यापारी नाहीत, निवारा नाही.

कंपनी कमांडर मेजर होते, खालच्या तळावर. चार मिनिटांनी उत्तर आलं.

"रूट नाला. टाइम झीरो सिक्स हंड्रेड. नो चेंज. ओव्हर."

"रूट नाला. नो चेंज. रॉजर. आऊट."

मी कारणं का गाळली, याची तीन उत्तरं आहेत. एक, बॅटरी कमी होती. तीन दिवस बर्फात जनरेटर बंद होता. हे खरं आहे, पण पाच ओळींपुरती बॅटरी होती. दोन, शिस्त. हेही खरं. तिसरं उत्तर हे की, खाली मेजरसाहेबांच्या सेटवर पुस्तकाचं नाव माझ्या आवाजात जावं असं मला वाटत नव्हतं. वरच्यासारखेच खालीही हसतील असं वाटलं. ते मडावीला हसतील की मला, याचाही विचार मी केला होता.

पाठवलेल्या संदेशाचा कच्चा कागद नष्ट करायचा नियम होता. १७२० ला तो मी बुखारीत, म्हणजे बंकरमधल्या शेगडीत टाकला.

मडावीला सांगितलं, साहेबांनी नाही म्हटलं. त्यानं विचारलं, "झाडाचं सांगतलास?"

मी म्हटलं, "सांगतलो."

त्यानं मान हलवली. हुकूम आला होता.

शुक्रवारी ०५३० ला पेट्रोल सज्ज झालं. पेट्रोलवर जाताना अंगावर कुठलाही कागद ठेवायचा नाही असा नियम असतो. पत्र नाही, फोटो नाही, छापील काही नाही. सहाही जणांनी खिसे रिकामे केले. ज्याच्या खिशात पुस्तक होतं त्यानं ते पेटीत टाकलं. मडावीनं निघण्यापूर्वी क्रम बदलला. दोघादोघांत पन्नास पावलांचं अंतर. बोलायचं नाही. उतार ओलांडताना थांबायचं नाही. एवढं त्याच्या हातात होतं. त्यानं तीन जणांना आधी पार जायला लावलं. स्वतः मागच्या तिघांत राहिला.

०६०० ला निघाले. ०६४० ला पहिला रिपोर्ट आला, नाल्याच्या तोंडाशी. ०७०५ ला दुसरा, उतार सुरू. ०७१२ ला मी सेटवर असताना बाहेर आवाज झाला. मोठा नव्हता. ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण तो थांबला नाही.

०७१४ ला सेटवर पुढच्या तिघांपैकी एकाचा आवाज आला. "तीन पार. तीन नीचे. तीन नीचे." तो ओव्हर म्हणायचं विसरला.

सुभेदार साहेब स्वतः बारा माणसं घेऊन उतरले. मी सेटवर राहिलो. पहिला देह ११२० ला मिळाला, दुसरा १३४५ ला. मडावी दुसऱ्या दिवशी १००० ला मिळाला, भूर्जाच्या झाडांच्या खाली. सुभेदार साहेबांनी त्याला स्वतः बाहेर काढलं. त्यानंतर चौकीवर त्यांनी कॉमिक्स मास्टर हे नाव कुणालाही घेऊ दिलं नाही. माझ्याशी ते त्याविषयी कधी बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी तळावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजरसाहेबांनी जबाब दिला, की संदेशात फक्त ताजं बर्फ होतं. ताजं बर्फ तिथे रोजच असतं. झाडांची किंवा जुन्या वाटेची बाब कळती तर पेट्रोल थांबवलं असतं. ते खरं बोलत होते की स्वतःला वाचवत होते, मला माहीत नाही. ते कळण्याची सोय मीच ठेवली नव्हती.

झाडांची बाब सुभेदार साहेबांनी आपल्या जबाबात सांगितली होती, म्हणून मला विचारलं गेलं, "मूळ मजकुरातलं काही गाळलं का?"

मी म्हणालो, "सर, आशय पूर्ण पाठवला."

निष्कर्ष: नैसर्गिक आपत्ती. कुणाचाही दोष नाही.

मडावीचं सामान यादीप्रमाणे घरी गेलं. पुस्तकं यादीत नव्हती. पेटी चौकीवरच राहिली. पुढच्या हिवाळ्यात काही कामानं मी वर गेलो तेव्हा नवी प्लाटून तिच्यातली पानं बुखारी पेटवायला वापरत होती. सरहद्दीच्या इतिहासाचा पहिला एक तृतीयांश हिस्सा शिल्लक होता. आमच्या खोऱ्याचं पान त्यानंतरच्या, जळून गेलेल्या भागात होतं.

मी पेन्शनवर आलो. मडावीच्या गावात त्याच्या नावाची कमान उभी राहिली आहे. तिच्यावरच्या चित्रात त्याच्या हातात रायफल आहे. दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रम होतो. शत्रूशी लढताना त्याला वीरमरण आलं, असं वक्ते सांगतात. तिथे शत्रू नव्हता. चार वर्षं मी पहिल्या रांगेत, मेडल लावून, हे ऐकलं. पाचव्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्या आईच्या घरी गेलो.

आई अंगणात गेल्या हंगामातली मोहाची फुलं उन्हाला पसरवत होती. तिला वाचता येत नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न गाळता. कागद, बारा शब्द, शेगडी, इन्क्वायरीतलं उत्तर. तिच्या मुलाला खोटं सांगितलं तेही.

तिचा हात थांबला नाही. तिनं विचारलं, "किती होतं लिवलेलं?"

"पाच ओळी."

"सांगाले किती टाईम लागला असता?"

"चाळीस सेकंद."

"मंग काऊन नाई सांगतलास?"

मी तिसरं उत्तर दिलं. लोक हसतील म्हणून.

ती म्हणाली, "मले वाचता नाई येत. मी त्या ओळी गाळल्या असत्या त समजलं असतं. तुले त वाचता येत होतं."

 तिनं विचारलं, मी आता काय करतो. गोंदियात एका वर्तमानपत्रात सहा वर्षं आहे, असं सांगितलं. कामाचं स्वरूप तिनं विचारलं नाही. गावोगावच्या बातम्या येतात त्या मी जागेत बसतील एवढ्या करतो.

"त्या ओळी याद आहेत?"

"आहेत."

"सांग."

मी सांगितल्या. मूळ हिंदीतून तिच्या बोलीत. भूर्जाची झाडं तिला नीट समजली. वाकलेलं झाड का वाकतं हे तिला मी सांगण्याआधीच माहीत होतं.

मग तिनं बाकीच्या दोघांची नावं विचारली. मी ती सांगितली. तिनं दोन्ही नावं एकदा म्हणून पाहिली.

"त्याईच्या मायले सांगतलास का?"

"नाई."

"मंग इथं कायले उभा आहेस?"

चौकीवरच्या दगडावर तीन नावं आहेत. लान्स नाईक सुकलाल मडावी. शिपाई बलवंत राणा, वय बावीस. त्यानं त्या दिवशी पेटीत टाकलेलं पुस्तक मुलांच्या गोष्टींचं होतं, अर्ध्यावर दुमडलेलं. शिपाई दिगंबर कांबळे, वय चोवीस. बुद्धचरित्र, शेवटची नऊ पानं बाकी.

राणाच्या घरी पोहोचायला दोन दिवस लागतात, कांबळेच्या घरी एक. दोन्ही घरी मी अजून गेलेलो नाही.