रॉकेटचा दुसरा बार

माझं पहिलं मोठं रॉकेट वाळूत शिरलं तेव्हा त्याचा फक्त शेपटीकडचा हातभर भाग वर राहिला होता. वर जाताना ते सरळ गेलं होतं. माथ्यावर पोचल्यावर आतला बार उडाल्याचा बारीक आवाजही आम्ही सगळ्यांनी ऐकला. पण रॉकेट उघडलंच नाही, पॅराशूट आतच राहिलं आणि ते जसं गेलं तसंच नाक खाली करून परत आलं. क्लबातले लोक चांगले आहेत, कुणी हसलं नाही. एकाने मात्र मला समजावलं, "मॅडम, छोटेवाले उडाओ. उसमें भी मजा है."

मी हो म्हटलं आणि तुकडे गाडीत भरून घरी आणले.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. बहारिनमध्ये अस्करच्या बाजूला एका कारखान्यात दाब आणि तापमान मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल करते. माझं काम चोख झालं की काहीच होत नाही. काटा जागेवर राहतो, भोंगा वाजत नाही, लोक जेवायला जातात. एका सहकाऱ्याने मला हिवाळ्यात वाळवंटात रॉकेट उडवणाऱ्या या क्लबात पहिल्यांदा नेलं. तिथे पुरुषभर उंचीचं रॉकेट आभाळात जाताना पाहिलं आणि मनात आलं, हे आपल्याला जमेल. आपण लावलेलं यंत्र काम करतंय हे एकदा तरी मान वर करून बघता येईल.

अशा रॉकेटचं सगळं गणित परत येण्यात असतं. पोटात एक छोटी नळी असते, तिच्यात अल्टिमीटर बसवायचा. काड्यापेटीएवढी पाटी ती, हवेचा दाब मोजून उंची ओळखते. माथ्यावर पोचलो हे तिला कळलं की ती विजेची काडी पेटवते, काडी चिमूटभर काळ्या दारूचा बार उडवते आणि त्या धक्क्याने रॉकेटचे दोन भाग सुटतात. एक लहान छत्री बाहेर पडते, तिच्यावर रॉकेट भराभर खाली येतं. जमीन जवळ आली की दुसरा बार उडतो आणि मोठं पॅराशूट उघडतं. क्लबाच्या वरच्या पातळीचा परवाना हवा असेल तर रॉकेट स्वतः बांधायचं, स्वतः भरायचं आणि धड परत आणून दाखवायचं. मला तो परवाना हवा होता.

आम्ही मनामाच्या उम्म अल हस्सम भागात राहतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझे मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. त्या चिपळूणच्या, इथे येऊन त्यांना माझ्याहून खूप वर्षं झाली. एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट आहेत. माझ्या रॉकेटांना त्या 'फटाके' म्हणायच्या. आमच्यात भांडण असं कधी नव्हतं, पण जवळीकही नव्हती. सणाला एकत्र जेवायचो, भाजीची अदलाबदल व्हायची, तेवढंच.

एका शुक्रवारी सकाळी त्या आमच्या गॅलरीत बोंबील वाळत घालायला आल्या. त्यांच्या बाजूला ऊन येत नाही. मी फुटलेल्या रॉकेटचे दोन भाग तिथे एकमेकांत बसवून उभे करून ठेवले होते. जागा करायला त्यांनी ते उचलले आणि मला हाक मारली.

"काय गो, हे चिकटवलंस काय? सुटत नाही."

"चिकटवलं नाही वहिनी, नुसतं आत सरकवलंय. ओढा."

"ओढतेच आहे. ये, तू ओढून बघ."

मी ओढलं. सुटेना. दोघींनी दोन टोकं धरून ओढलं तेव्हा कुठे सुटलं आणि वहिनी बोंबलांच्या परातीवर पडता पडता वाचल्या. तो जोड मी घरात, एसीत बसून बसवला होता आणि तिथे तो लोण्यासारखा सरकत होता. गॅलरीत रात्रभर समुद्राची दमट हवा लागली आणि कागदाची जाड नळी फुगली. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी वाळवंटातही धुकं होतं. बार उडाला होता, अल्टिमीटर बरोबर होता, काडी पेटली होती. जोड फुगून घट्ट बसला होता, एवढंच.

मी तिथेच गॅलरीत उड्या मारल्या. वहिनी बघतच राहिल्या. "एवढा आनंद कसला झाला?" म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच नीट. त्या पाटावर बसून ऐकत राहिल्या. मधेच त्यांनी विचारलं, "आणि ती काडीच पेटली नाही तर?"

"म्हणून या वेळी दोन अल्टिमीटर लावणार आहे. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, बटणं वेगळी, बारही वेगळे. एक चुकला तर दुसरा."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही एकाने केलेला हिशेब दुसरा तपासतो."

तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्या की खाली येऊ लागल्या. नव्या नळ्यांना मी आतून-बाहेरून रेझिन चोपडलं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा चोपडलं. जोड गॅलरीत ठेवायचा, सकाळी ओढून बघायचा. सहज सुटेपर्यंत घासत राहायचं. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, तारा, स्क्रू आणि दोन अल्टिमीटर पसरलेले असायचे, आणि घरातले सगळे सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवायचे. बॅटऱ्या उड्डाणाच्या झटक्याने निसटू नयेत म्हणून मी त्या आडव्या बसवून दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी आवळल्या. वहिनींनी त्या ओढून बघितल्या. हलल्या नाहीत, तेव्हा मान डोलावली.

पॅराशूट शिवायचं काम त्यांनी मागून घेतलं. नईम भागातल्या एका गल्लीत तंबूचं कापड मिळतं, तिथून आम्ही दोघी हलकं नायलॉन घेऊन आलो, भगवं आणि पांढरं. शिवताना कापड मशीनच्या पायाखालून सारखं निसटायचं आणि वहिनी त्याला चिपळुणी शिव्या द्यायच्या. मला त्या शिव्या तोवर माहीतच नव्हत्या.

बाराची दारू घरी ठेवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. ती क्लबाच्या सुरक्षाप्रमुखांकडे कुलपात असते. ते विमानतळावरून निवृत्त झालेले बहारिनी गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना हाजी म्हणतो. जुन्या मनामातल्या पुष्कळ लोकांसारखं त्यांना हिंदी छान येतं. उड्डाणाच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या समोर जमिनीवरच बार उडवून बघायची चाचणी झाली. रॉकेट आडवं ठेवलं, सगळे लांब झाले, मी बटण दाबलं. फट् आवाज झाला, नाक सुटून वाळूवर घसरत गेलं आणि मागोमाग भगवं-पांढरं कापड बाहेर सांडलं. वहिनींनी कानावरचे हात काढून टाळ्या वाजवल्या.

"शाबाश," हाजी म्हणाले. "अब ऊपर दिखाओ."

उड्डाणाचा दिवस शुक्रवार होता. विमानतळाकडून आभाळ मोकळं मिळायचं ते दुपारच्या नमाजापर्यंत. दूर कॅम्पिंगवाल्यांचे तंबू दिसत होते. थंडीत इकडची कुटुंबंच्या कुटुंबं वाळवंटात राहायला येतात. आम्ही चटई टाकून बसलो. हाजींनी कुलूप उघडून दारू मोजून दिली. ती मी एकेका टोपणात ओतली, वर कापूस दाबला, टेप लावली. असे चार बार भरले, दोन पहिल्या अल्टिमीटरचे, दोन दुसऱ्याचे. वहिनींनी पॅराशूट घडी घालून न जळणाऱ्या कापडात गुंडाळलं आणि मी ते नळीत सरकवलं.

रॉकेट उभं केलं. पहिल्या अल्टिमीटरचं बटण लावलं, त्याने तीन शिट्ट्या दिल्या. दोन्ही काड्या जोडलेल्या आहेत असा त्याचा अर्थ. दुसऱ्याचं लावलं. एकच शिट्टी. मी थांबले. पुन्हा एकच. म्हणजे त्याच्या एका काडीपर्यंत वीज पोचत नव्हती.

मला छोटी रॉकेटं उडवायला सांगणारे गृहस्थ मदतीला शेजारीच उभे होते. "पहिला ठीक आहे ना?" ते हिंदीत म्हणाले. "दुसरा तर जास्तीचा आहे. वारा सुटतोय, वेळ संपत आलाय. यल्ला, उडवा."

खरं तर नियमाप्रमाणे एक पुरला असता. तशी पुष्कळ रॉकेटं उडतात. आता खाली उतरवायचं म्हणजे सगळं उघडायचं, पुन्हा बंद करायचं, आणि नमाजाआधी झालं नाही तर पुढच्या वेळेची वाट बघायची. मी लांब उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं. तिथूनच त्या ओरडल्या, "काय झालं गो?"

"एकच शिट्टी देतोय."

"मग उतरव की! एवढा घाट घातलास तो अर्ध्यावर सोडायला?"

मी उतरवणारच होते. पण ते कुणीतरी मोठ्याने म्हटलं तेव्हा बरं वाटलं. दोन्ही बटणं बंद केली, रॉकेट आडवं करून चटईवर आणलं आणि पोट उघडलं. तार स्क्रूखाली तुटली होती. वेष्टन वरून शाबूत दिसत होतं, आत तांब्याचा धागा दुभंगलेला. नवं टोक सोललं, पीळ दिला, स्क्रू बेताने आवळला. हाजी घड्याळाकडे बघत होते, पण घाई करा असं एकदाही म्हणाले नाहीत. वहिनी माझ्या आणि वाऱ्याच्या मध्ये ओढणी पसरून बसल्या होत्या. वाळूचा कण आत जायला नको.

पुन्हा उभं केलं. पहिल्याच्या तीन शिट्ट्या. दुसऱ्याच्या तीन शिट्ट्या.

"इंशाल्ला," हाजी म्हणाले आणि आकडे मोजायला लागले.

त्या आवाजाला मी अजूनही सरावलेले नाही. आधी धूर दिसतो, मग छातीत काहीतरी फाटल्यासारखं होतं. रॉकेट अस्करच्या धुराड्यांच्या वर गेलं, त्याच्याही वर, एक पांढरी रेघ मागे ठेवत. मग नुसता ठिपका उरला. मग ठिपकाही दिसेना. आणि एकदम निळ्यात कापसाच्या बोंडाएवढा धूर फुटला.

"उघडलं!" कुणीतरी ओरडलं.

लहान छत्रीवर ते गिरक्या घेत खाली येऊ लागलं, बरंच वेगाने. मोठं पॅराशूट ठरल्या उंचीला उघडायला हवं होतं. ती उंची आली असं डोळ्यांना दिसत होतं. ती उंची गेली. काहीच झालं नाही. वहिनींची बोटं माझ्या दंडात रुतली. रॉकेट तसंच कोसळत होतं, आता त्याचे पंख ओळखू येत होते. मग फट् झालं. दुसऱ्या अल्टिमीटरचा बार, मुद्दाम थोड्या खालच्या उंचीला लावलेला. भगव्या-पांढऱ्या कापडाची गुंडाळी बाहेर आली, क्षणभर लांब दोरीसारखी ताणली गेली आणि धाडकन फुलली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वहिनी म्हणतात, मी आमच्या कराडच्या कुस्तीच्या फडात ओरडावं तशी ओरडले. तंबूंकडून गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, एक, मग चार-पाच, मग मोजता येईनात. तिथली मुलं हात हलवत होती. रॉकेट वाऱ्याबरोबर हलत हलत गेलं आणि एका झुडपाशेजारी अलगद टेकलं.

आम्ही पळत गेलो. हाजींनी सगळ्यांना लांब थांबवलं, मला आधी दोन्ही बटणं बंद करायला लावली. मग आत पाहिलं. चारपैकी तीन टोपणं काळी, रिकामी. एक जशीच्या तशी भरलेली. नंतर नोंद पाहिली तेव्हा कळलं, पहिल्या अल्टिमीटरने वीज पाठवली होती, काडीच फुसकी निघाली होती. हाजींनी तो बार पाण्यात भिजवून निकामी केला आणि रॉकेट फिरवून फिरवून बघितलं. कुठे चीर नाही, पंख शाबूत, पॅराशूटला एक भोकही नाही.

"यह किसने सिया?" त्यांनी विचारलं.

"मैंने," वहिनी म्हणाल्या, मान ताठ करून.

हाजींनी छातीवर हात ठेवून आधी त्यांना आणि मग मला मान लववली. "खलास," ते अरबीत म्हणाले, म्हणजे झालं. "पास."

यल्ला म्हणणारे गृहस्थ पुढे आले. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "मैं तो उड़ा देता," म्हणाले, आणि मोकळं हसले. मग त्यांनीच रॉकेटचं जड टोक खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणलं.

गाडीत ते मावेना. नाक दोन सीटांच्या मधून पुढे गिअरपर्यंत आलं. वाटेत आम्ही कडक चहाच्या टपरीवर थांबलो. चहावाला केरळचा होता, खिडकीतून आत बघून त्याने हे काय आहे म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी काच खाली केली. रॉकेट कसं गेलं, पहिला बार कसा गप्प बसला, दुसरा कसा उडाला, सगळं त्यांनी हातवारे करून हिंदीत सांगितलं. उंची सांगताना त्यांनी ती जवळजवळ दुप्पट केली. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू गप बस गो," त्या मराठीत म्हणाल्या, आणि चहावाल्याकडे वळून त्यांनी ती आणखी थोडी वाढवली.