अठरावं लागलं

लॉकडाऊनमध्ये माझं डोकं कायम तापलेलं असायचं, असं घरातले अजूनही सांगतात. सांगू देत. सिडनीतल्या केलीव्हिलच्या त्या घरात माणसं चार आणि वायफाय एक. नवरा गराजमध्ये टेबल टाकून बसलेला, मी जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून, लेक तिच्या खोलीत बारावीच्या ऑनलाइन क्लासला आणि सोफ्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबा नाशिकहून दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून आले, तेवढ्यात सीमा बंद झाल्या आणि ते राहिले ते राहिलेच. पुढे एखाददुसरं विमान सुटायला लागलं, पण तिकडच्या बातम्या ऐकून त्यांना एकट्याला रिकाम्या फ्लॅटवर पाठवायला आमचं मन होईना.

बाबांची हयात विमा कंपनीच्या ऑफिसात गेली. माणूस शिस्तीचा आणि शब्दाचा पक्का. उद्या फिरायला जाऊ म्हणाले की पावसातसुद्धा दारात बूट घालून उभे. असा माणूस सोफ्यावर बसवून ठेवायचा म्हणजे काय होतं, ते मला विचारा. दूध वर आलं, दारात पार्सल आलं, शेजारच्यांचं कुत्रं सुटलं, सगळ्या बातम्या मला मीटिंगच्या मध्यात मिळायच्या. नाशिकचा त्यांचा रमीचा कट्टा तेवढ्यात एका ॲपवर गेला. ते ॲप इथे उघडेना. तुमच्या भागात उपलब्ध नाही, असा निरोप यायचा. बाबा रोज फोन घेऊन माझ्याकडे यायचे, "अगं, हे आज तरी काय म्हणतंय बघ." रोज तेच म्हणायचं.

मग एके दिवशी लेक त्यांच्यासमोर येऊन बसली. क्लास संपलेला, मैत्रिणींना भेटण्याची सोय नाही, सुपरमार्केटमधली तिची शिफ्ट रद्द झालेली. कंटाळ्याने का होईना, बसली. बाबांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. आधी बदाम सात, मग झब्बू, मग रमी. ही मुलगी पाच वर्षांची असल्यापासून माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देत आली होती. तिच्या तोंडून मी हेडफोनच्या आडून ऐकायला लागले, "आजोबा, नीट पिसा ना," "मला एक पान द्या," "तुम्ही लबाडी करताय." शनिवारच्या मराठी शाळेत इतकी वर्षं घालून जे जमलं नव्हतं, ते एका जोकरने केलं. मला आनंद झाला होता. तेव्हा कॉलवर असल्यामुळे तो कुणाला दिसला नाही, एवढंच.

दोघांची रमी रंगेना. दोघांत ती रंगत नाहीच. तेव्हा लेकीने नेटवर शोधाशोध करून आजोबांसाठी एक साइट काढली. रमी होती, पण रमीच्या आजूबाजूला चक्र होतं, फळांची चित्रं गरगर फिरत होती, आणि कोपऱ्यात एक बाई सतत डोळा मारत होती. कॅसिनोच तो, दुसऱ्या कुठल्यातरी देशातला. खातं उघडायला इथला मोबाइल नंबर हवा होता. बाबांचं भारतातलं सिम कधीच बंद पडलेलं, म्हणून खातं लेकीच्या नावावर, कार्डही तिचंच, शिफ्टच्या पगाराचं. पुढच्या पानावर एकच प्रश्न आला, तुमचं वय अठरा आहे का?

लेक थांबली. हे मला तिनेच नंतर सांगितलं, आणि मी ते तिच्या बाजूने नोंदवून ठेवते. तिला सतरा पूर्ण होऊन सात-आठ महिने झाले होते. तिने आजोबांना विचारलं. बाबांना तर यात विचारण्यासारखं काही दिसेचना. मुलीला अठरावं लागलंय. लागलं म्हणजे चालू झालं, चालू झालं म्हणजे आहे. शिवाय विम्याच्या हिशेबात वाढदिवसाला सहा महिने उलटले की पुढचं वर्ष धरतात, आणि त्या हिशेबाने त्यांनी आयुष्यभर लोकांचे हप्ते बसवले होते. दोन्हीकडून अठराच. "दाब हो," ते म्हणाले. "खोटं नाही त्यात काही."

ती सरळ पोरगी. तिने दाबलं.

खेळत होते म्हणे अधूनमधून, चहाच्या वेळी. मी समोर बसलेली आणि मला पत्ता नाही. मला वाटायचं, टॅबलेटवर शब्दकोडं सोडवतायत. आणि मग एकदा ते जिंकले. जिंकलेले पैसे मागितल्यावर साइटला एकदम जाग आली. पैसे घेताना हो या एका बटणावर ज्यांचा अढळ विश्वास होता, त्यांना आता ओळखपत्र हवं होतं. लेकीने भाबडेपणाने तिचं एल प्लेटचं, म्हणजे शिकाऊ चालकाचं, लायसन्स पाठवलं. त्यावर जन्मतारीख होती. खातं बंद झालं, पैसे जप्त, आणि वर एक ईमेल. तुम्ही वयाबाबत खोटी माहिती दिली आहे, ही बाब संबंधित यंत्रणांना कळवण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो.

मला हे सगळं कळलं ते दुपारी, टीमच्या मीटिंगमध्ये. लेक पांढऱ्या चेहऱ्याने टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम, कॅन आय गो टू जेल फॉर धिस?"

माझा माइक चालू होता. ऑफिसमध्ये आजही मला त्याबद्दल विचारतात.

तो ईमेल मी वाचला आणि आधी सगळ्यांवर एकसाथ ओरडले. लेकीवर, कारण तिने मला विचारलं नाही. बाबांवर ओरडता येत नाही म्हणून नवऱ्यावर. नवरा म्हणाला, नो वरीज, जाऊ दे, लहान रक्कम आहे. हा माणूस रोज संध्याकाळी टीव्हीवर फूटी, म्हणजे इथलं रग्बी, बघतो. दर थोड्या वेळाने तिथे जाहिरात लागते, चार मित्र खिदळत फोनवर पैजा लावतायत, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जबाबदारीने खेळण्याचा उपदेश. आमची लेक लहानपणापासून त्याच सोफ्यावर बसून त्या जाहिराती बघत आलीय. ते कुणाला खटकलं नाही. मी टीव्ही बंद केला. तो म्हणाला, स्कोअर तरी बघू दे.

मग मी साइटच्या चॅटवर गेले. हसऱ्या बाईचा फोटो, आणि मी काहीही लिहिलं तरी माझ्या संयमाबद्दल आभार. मला आयुष्यात इतका चुकीचा शेरा कुणी दिला नव्हता. शेवटी मी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक सद्गृहस्थ मिळाले. त्यांनी शांतपणे सांगितलं की असा ऑनलाइन कॅसिनो इथल्या लोकांसाठी चालवायलाच इथे बंदी आहे, कायदा मोडतेय ती साइट, तुमची मुलगी नव्हे. कार्ड बदला आणि विसरून जा. म्हणजे जिला इथे दुकान मांडायचीसुद्धा परवानगी नाही, ती माझ्या लेकीला कायदा शिकवत होती. घोड्यांवर फोनवरून पैज लावायला अठरा पुरतं, पण पत्त्यांचा हा कॅसिनो मात्र बाबांच्या वयालाही चालत नाही. मी फोनवरच्या त्या गृहस्थांना विचारलं की हा काय न्याय आहे. ते म्हणाले, फेअर इनफ, पण मी फक्त फोन उचलतो.

लेकीच्या जिवात जीव आला. ती पुन्हा जेवायला लागली. पण आजोबांसमोर बसेना. मी एकदा हटकलं तेव्हा म्हणाली, "ही टोल्ड मी इट वॉजन्ट अ लाय." त्यांच्याशी बोलणं म्हणजे सकाळी हाय आणि रात्री गुड नाइट, दोन्ही इंग्रजीत. बाबा सोफ्यावर एकटेच पत्ते मांडून बसायचे आणि मोडायचे. मला आता दूध वर आल्याचंसुद्धा कुणी सांगत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. त्यांचं म्हणणं असं, की मी त्या साइटला नीट इंग्रजीत एक पत्र लिहावं. पैसे नकोत. पण आमच्यात वय कसं मोजतात ते समजावून सांगावं, म्हणजे मुलगी खोटं बोलली नव्हती हे त्यांच्या लक्षात येईल. माझ्या ऑफिसात त्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. मी म्हटलं, "बाबा, आता कॅसिनोवाल्यांना मी मराठी शिकवत बसू का?"

ते गेले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "माझ्या शब्दावर तिने हो म्हटलं," ते म्हणाले. "तिच्या नावावर खोटारडी म्हणून लिहून ठेवलंय कुठेतरी. ते तसंच राहणार का?"

मी त्यांना सांगितलं की ते नाव कुठल्यातरी यंत्रात पडलंय, त्याला कुणी विचारत नाही, कुणी वाचत नाही, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. ज्या माणसाने जन्मभर फायलींत लोकांची वयं लिहिली, त्याला एखाद्या नोंदीला काही महत्त्व नसतं, हे कसं पटवणार? आणि मला खरोखर वेळ नव्हता. वैताग आला होता मला, त्यांचा, तिचा, त्या डोळा मारणाऱ्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा, की घरात दोन माणसं इतकी जवळ आली होती आणि ती एका फालतू साइटने तोडली.

निर्बंध सैल झाले, रस्त्यांवर जॅकरँडा फुलला आणि लेकीचा वाढदिवस आला. सकाळी आम्ही सगळे टेबलापाशी. ती फोन बघत होती. बघता बघता थबकली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्या दिवशीची पहिली शुभेच्छा साइटची होती. खातं बंद केलं होतं, पण लायसन्सवरची जन्मतारीख मात्र जपून ठेवली होती. अठरा पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, तुमच्यासाठी काही डाव फुकट, लवकर परत या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, डिलीट कर ते आधी.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणाचं आहे?" माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. "त्यांचंच ना? परत बोलावतायत तिला?" मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे पटलं त्यांना? खोटं नव्हतं ते पटलं?"

मी सांगणारच होते. बाबा, ही जाहिरात आहे, त्यांना गिऱ्हाईक हवंय, त्यांना कुणाच्या खऱ्याखोट्याशी काही देणंघेणं नाही. वाक्य तोंडाशी आलं होतं. लेकीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"हो आजोबा," ती म्हणाली. "माफी मागतायत ते. म्हणतायत, मुलगी खरं बोलत होती, आमची मोजायची पद्धत वेगळी होती."

त्या ईमेलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. आणि तिच्या त्या बोलण्यात इंग्रजीचा एक शब्द नव्हता.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. मग विचारलं, "आता कितवं लागलं?"

"एकोणिसावं."

"मग ये, बस इथे," ते म्हणाले आणि पत्त्यांचा जोड तिच्यापुढे सरकवला. "पिस."

अठरा पूर्ण झाल्यावर माझ्या लेकीने पहिलं काम केलं ते हे, की ती आजोबांशी धडधडीत खोटं बोलली. मी केक काढायचा म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले.