नळ आला मांडवातून

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही. आमच्या मोहल्ल्यात नळाचं पाणी पहिल्यांदा आलं ते नळातून नाही, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या मांडवातून आलं.

थांबा, नीट सांगतो. (टायपिंग क्लासचे सर चहाला गेलेत, तेवढ्यात बडवून घेतो. चुका दिसल्या तर त्या बोटांच्या, माझ्या नाहीत.)

ऐंशीचा उन्हाळा. भंडारा तेव्हा शहर व्हायला निघालं होतं. निघालं होतं, पोचलं नव्हतं! काल जिथं धानाच्या बांध्या होत्या तिथं प्लॉट पडत होते, आणि प्लॉटवर घर व्हायच्या आधी समोरचा रस्ता खोदला जात होता. आमच्या गल्लीतही पाईप टाकले, दारोदारी तोट्या बसल्या. बाबांनी आमच्या तोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. त्या तोटीतून वर्षभर फक्त हवा आली. (एकदा मुंग्या आल्या. त्या दिवशी आईला फार आशा वाटली.) पाणी आपलं विहिरीचंच.

अशात बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं. पवनीची वरात संध्याकाळी यायची होती आणि सकाळी दारात मांडव घालायचा होता. आता आमच्याकडं मांडवाचा पहिला खांब घरचा जवाई रोवतो. आणि जवायाला ‘इथं नको, तिथं खोदा’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं की जवाई रुसतो. आमचे जवाई, म्हणजे थोरल्या ताईचे नवरे, सानगडीचे भाऊजी, रुसण्यात एकदम तयार माणूस. स्वतःच्या लग्नात पापड मोडका वाढला म्हणून ते पंगतीतून उठून थेट बसस्टँडवर जाऊन बसले होते.

पण त्या दिवशी भाऊजींनी खड्डा पाडायची लोखंडी सब्बल हातात घेऊन चक्क मला विचारलं, "बाबू, पाईप कोणत्या बाजूनं गेला?"

मी छाती फुगवली. "डाव्या बाजूनं, भाऊजी. म्या सोता उभा राहून पाह्यलं. तुम्ही उजवीकडं मारा."

मी खरंच पाहिलं होतं! फक्त पाहताना माझं तोंड घराकडं होतं आणि भाऊजींची आता घराकडं पाठ होती. डावं-उजवं माझं पक्कं, बाजू तेवढी बदलली.

सब्बल ठक्क झाली, काहीतरी फोडून आत गेली. भाऊजी म्हणाले, गोटा होता. मी म्हटलं, बरोबर, गोटाच. खड्डा तयार झाला, आई सालईच्या ओल्या खांबाची पूजा करू लागली. आणि वर्षभर झोपलेल्या नळ योजनेनं पाणी सोडून पाहायला नेमकी तीच घटका निवडली!

आधी खड्ड्यानं घसा साफ केल्यासारखा आवाज केला. मग जे कारंजं उडालं ते थेट आईच्या ताटात. आत्यानं तिथंच हात जोडले, "माय वो, सुमनसाठी गंगा आली," आणि मूठभर तांदूळ खड्ड्यात टाकले. शेजारीपाजारी दर्शनाला आले, पाणी गोड आहे म्हणाले आणि घरी जाऊन पाण्याचे गुंड, बादल्या, ड्रम घेऊन परत आले. रांग लागली. रांगेत भांडण लागलं. एक मावशी मला विचारून गेल्या की हे सकाळ-संध्याकाळ दोन्ही टाईम येणार का!

इकडं आचाऱ्याची चूल विझली, मागून आणलेली सतरंजी शेजारच्यांच्या फाटकातून निघून चालली. बाबांनी मला गाठलं. "आता वरात काय डोंग्यात बसवून आणू?"

मी धावत जाऊन नळवाल्याला आणलं. खांद्यावर हातभर लांब चावी, चेहऱ्यावर सरकार. पहिला प्रश्न, "कोणी फोडला?"

जवायाचं नाव कोण घेणार? पण भाऊजींचं तोंड फुगायला लागलेलं मला दिसलं, म्हणून मी म्हटलं, "मी."

नळवाल्यानं माझ्या दंडांकडं नीट पाहिलं. "तुमच्यानं? खरं सांगा ना जी."

त्यानं चावीनं एक व्हॉल्व्ह फिरवला, कारंजं आणखी वर गेलं. दुसरा फिरवला तर मागच्या गल्लीत आरडाओरडा झाला. तिसरा कुठं आहे ते त्यालाच ठाऊक नव्हतं. नकाशा साहेबांकडं आणि साहेब नागपूरला, असं सांगून तो आमच्याच ओट्यावर चहा प्यायला बसला. त्याच्या बाजूला भाऊजी. रुसलेले, बसस्टँडकडं तोंड करून.

शेवटी आई पुढं झाली. पाईपाचं नाव नाही, पाण्याचं नाव नाही. एवढंच म्हणाली, "जवाईबापू, वेळ चालली. खांब तं तुमच्याच हातानं रोवा लागते."

भाऊजी उठले. खांब उचलला, त्याचं टोक त्या धारेच्या तोंडात बसवलं आणि वरून घण घातला. पाणी बंद! एक थेंब नाही! भाऊजींनी सगळ्यांकडं पाहिलं. "जागा बरोबरच होती."

आणि आम्ही सगळ्यांनी मान हलवली. नळवाल्यानंसुद्धा.

लग्न झकास झालं. पवनीचे व्याही तर म्हणाले, काय गारवा केला जी तुम्ही.

लग्नानंतर बाकीचे खांब निघाले, हा नाही. नळवाला म्हणतो, हा काढला तर गल्ली बुडते, साहेबांना येऊ द्या. साहेब आले, पाहून गेले, त्यांची बदली झाली. दुसरे आले, तेही पाहून गेले. दरम्यान खाली फुकटचं पाणी मिळून सालईला फांद्या फुटल्या, आणि खाली गंगा आहे म्हणून आत्या दर सणाला त्याला तोरण बांधते.

चार वर्षं झाली. आता माझं लग्नाचं वय झालं आहे. मुलीवाले येतात, गल्लीच्या तोंडाशी थांबतात, आमच्या दारात हिरवागार, तोरण लावलेला मांडवाचा खांब पाहतात आणि परत फिरतात. परवा तुमसरचे पाहुणे जाताना बोलले, "हे तं लगन झालेला पोरगा दाखवून राहिले." मी त्यांच्यामागं धावलो, ओरडून सांगितलं, "लग्न नाही झालं जी, तो पाईप आहे!" ते आणखी जोरात चालायला लागले.

तुमच्याही गावाचं शहर होऊन राहिलं असेल, तर खरं सांगा, कोणाच्या दारात असं काही उगवलं का? आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर अवश्य या. मांडव तयार आहे.