फाइलमध्ये नसलेली पेशंट

असे अनाकलनीय अनुभव मी नेहमी वाचते, पण वाचताना मनातल्या मनात खोडून काढत जाते... हा भास असेल, तो योगायोग, त्याला ताप असेल. जंगलाच्या तोंडाशी वाढले, तरी रस्त्यातलं लिंबू ओलांडताना कधी थबकले नाही. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलंय. स्वतःची ही एकच गोष्ट मात्र मला खोडता आलेली नाही. म्हणून लिहितेय.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाच्या पुढे. धानाची शेती आणि बांध संपला की जंगल. घरी आई, दादा आणि सुनंदा वहिनी. मी चंद्रपूरला एका मैत्रिणीसोबत खोली घेऊन मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा कोर्स करत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – तिकडे अमेरिकेत डॉक्टर पेशंटला तपासून रिपोर्ट तोंडी बोलून ठेवतात. ते रेकॉर्डिंग ऐकून आपण इथे टाइप करायचं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडलनंच आवाज चालू, बंद आणि मागे. ऐकलं तेच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही.

नागपूरच्या एका कंपनीला माणसं हवी होती. काम घरूनच करायचं. आईनं माझ्या लग्नाचं धरलं होतं. "पोरीले आधी परीक्षा देऊ द्या, मंग पाहू," असं म्हणून वहिनीनंच तिला थांबवलं होतं. म्हणजे ही टेस्ट गेली की पुढचं सगळं ठरलेलं...

टेस्ट चंद्रपूरलाच, एका कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या मजल्यावर होती. मोहफुलांचे दिवस, म्हणजे ऊन सकाळपासूनच तापलेलं. मोबाइल दाराजवळच्या टेबलावर ठेवायला लावले. नागपूरहून आलेले एक सर देखरेखीला होते. ग्रामर झालं, मेडिकल शब्द झाले, टायपिंगचा स्पीड झाला. शेवटी ऑडिओ. सर्वांना एकच फाइल. सरांनी बजावलं, "मध्ये उठलं तर टेस्ट बाद."

फाइल सोपी होती. एक म्हातारा पेशंट, गुडघा दुखतो, जिना चढवत नाही. डॉक्टरचा आवाज जाडसर, बोलणं भरभर. या कामात थोडी सवय झाली की कान आणि बोटं सरळ जोडली जातात, डोकं मागून येतं. मी तशीच टाइप करत होते. गुडघ्याचा एक्स-रे झाला आणि त्याच आवाजात, न थांबता, पुढचं सुरू झालं – तीस वर्षांची स्त्री. पहाटेपासून पोटात दुखतं. दोन्ही पापण्या खाली आलेल्या. बोलणं जड. चावल्याची खूण नाही. रात्री जमिनीवर झोपली होती, बाजूला मोहा पसरलेला होता.

त्या शब्दाखाली स्क्रीनवर लाल रेघ आली. तेव्हा कुठे माझं डोकं जागं झालं.

मोहा?

अमेरिकेतला डॉक्टर? आणि उच्चार कसा, तर मोहफुलांना आमच्या गावात म्हणतात अगदी तस्सा.

मी पेडलनं मागे गेले. गुडघा, एक्स-रे... आणि लगेच गोळ्यांची नावं. मधली बाई नव्हतीच. परत मागे गेले. नाही. आवाज वाढवला, हेडफोन घट्ट दाबून धरला. नाहीच. पण स्क्रीनवर ती होती, माझ्याच बोटांनी उमटलेली.

पापण्या पडणं, पोटदुखी, खूण नसणं. हे मण्यारीचं विष. मण्यार चावली तर दुखत नाही, माणसाला कळतही नाही. आमच्या भागात हे कोणालाही ठाऊक असतं, आणि तरीही वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाही.

मी हात वर केला. सर जवळ आले.

"काय झालं?"

"सर, या फाइलमध्ये दुसरी पेशंट आहे का?"

त्यांनी हेडफोनची एक बाजू कानाला लावून ऐकलं, मग स्क्रीनकडे पाहिलं. "गुडघ्याचाच आहे फक्त. हे मधलं कुठून आणलं?"

"मला एक फोन करू द्या."

"कर. पण उठली तर टेस्ट बाद होईल, आधीच सांगितलं आहे मी."

मी परत टाइप करायला बघितलं. खरंच बघितलं. गोळ्यांचं पहिलं नाव निम्मं लिहिलं आणि बोटंच चालेनात. शेवटी हेडफोन काढला, मोबाइल उचलला आणि जिन्यातूनच दादाला लावला.

"दादा, घरी सगळे बरे हायेत ना?"

"हो वो. तुही परीक्षा झाली का?"

"वहिनी कुठी हाये?"

"झोपून हाये. पहाटेपासून पोट दुखून राह्यलं तिचं. ॲसिडिटीची गोळी देल्ली."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"तिचे डोळे पाह्य."

"डोळे? काऊन?"

"पाह्य ना दादा! पापण्या पुऱ्या उघडून राह्यल्या का?"

तो आत गेला. पलीकडून त्याचा आवाज येत होता – ए सुनंदा, इकडं पाह्य, पाह्य ना... मग तो परत फोनवर आला.

"अर्ध्याच उघडून राह्यल्या. झोप नाई झाली म्हणून असन. बोबडं बोलून राह्यली. मघाशी चहा देल्ला, तर तो नाकातून आला."

"रात्री कुठी झोपली होती ते?"

"घरातच, खाली. सांजेले पावसाचं पाणी आलं, तं मोहा आत आणून पसरवला. तिथीच पडली."

"दादा, मण्यार चावली तिले. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"साप? अवं, कुठी दात नाई, सूज नाई. आई म्हणते झाडफूक कराले पुजाऱ्याले बोलाव..."

"मी डॉक्टरजवळ बसून हाये," मी म्हटलं. "तेच सांगून राह्यले. श्वास बंद पडन तिचा. गाडी काढ!"

डॉक्टर कुठला... जिन्यात मी एकटी होते. पण दादा हलला. शेजारच्यांची गाडी घेऊन त्यानं वहिनीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या पाहताच सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि ॲम्ब्युलन्सनं चंद्रपूरला पाठवलं. मी इकडे दवाखान्याच्या फाटकाशी येरझारा घालत होते. स्ट्रेचर उतरवलं तेव्हा वहिनीचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला. दादा मला काही विचारायला आला आणि न विचारताच स्ट्रेचरमागे पळाला. तिला व्हेंटिलेटर लावला. "अजून उशीर झाला असता तर रस्त्यातच गेली असती," एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले.

वहिनी वाचली. बोलायला लागल्यावर मी तिला विचारलं, "तेव्हा तुमच्या मनात माझं काही आलं होतं का? आठवण?"

ती हसली. "तुही आठवण? नाई वो. मले म्हशीची काळजी लागली होती, तिले पाणी कोन पाजन म्हनून."

आई म्हणते देवानं सांगितलं. माझी रूममेट म्हणते, तू कोर्समध्ये विषबाधेची लक्षणं शिकली होतीस, टेन्शनमध्ये मेंदूनं खेळ केला. मलाही तेच पटवून घ्यायचं आहे. पण गावात सगळे उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपतात. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, मोहा घरात घेतला, वहिनी खाली झोपली – हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. चंद्रपूरला तर पावसाचा थेंब नव्हता.

काही दिवसांनी नागपूरच्या सरांचा फोन आला. त्यांनी माझी शीट जपून ठेवली होती. सगळ्या कॉम्प्युटरवरची फाइल पुन्हा ऐकली, कुठेच काही नाही, म्हणाले. मी वहिनीचं सांगितलं. मग म्हणाले, "पुन्हा टेस्ट दे." मी दिली, पास झाले. आता घरूनच काम करते. तसा आवाज पुन्हा कधी आला नाही, पण फाइलमध्ये स्त्री पेशंट सुरू झाली की पाय पेडलवरून निघतो, आणि मी उगाच वहिनीला हाक मारते. "काय झालं वो?" ती अंगणातून विचारते. म्हशीला पाणी पाजलं का, एवढंच मी विचारते.

हे इथे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

त्या दिवशी माझ्यासोबत टेस्टला राजुऱ्याची, कोळशाच्या खाणींकडची, एक मुलगी होती. तिचं पहिल्याच वेळी सिलेक्शन झालं. आता आम्ही एकाच टीममध्ये आहोत. परवा फोनवर कामाचं बोलता बोलता तिनं मध्येच विचारलं.

"ताई, तुम्ही त्या दिवशी उठून काऊन गेल्या होत्या?"

मी सांगितलं.

"माझ्या फाइलमध्ये बी एक जण जास्तीचा होता," ती म्हणाली. "एक म्हातारा. दम लागून राह्यला, छातीत कोळशाची धूळ, असं काहीतरी. मले वाटलं रेकॉर्डिंग बिघडली. म्या ते गाळलं न् पुढं टाइप केलं."

"घरी विचारलं का?"

"आमच्या घरी म्हातारं माणूसच नाई, ताई. खाणीत बी कोणी नाई." मग हळूच म्हणाली, "मंग तो कोनाचा होता वो?"

त्या दिवशी टेस्टला आणखी कोण कोण बसलं होतं, ते मी आता आठवून बघतेय.