आई पोहायला शिकली तो मे महिना

वडील मुंबईला गिरणीत होते. मे महिन्यात सुट्टी घेऊन गुहागरकडच्या आमच्या गावी यायचे. मी तेव्हा सहावीतून सातवीत जाणार होते. त्या सुट्टीत त्यांनी ठरवलं, मुलीला पोहायला शिकवायचं.

आमच्या पोफळीच्या आगरात पायऱ्यांची विहीर होती. वडिलांनी सुंभाने दोन असोले, न सोललेले नारळ बांधून माझ्या पाठीला लावले. मी शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि तिथेच रडायला लागले. आई वर धुणं पिळत होती. पिळा बाजूला ठेवून ती खाली आली.

"ते नारळ मला बांधा," ती वडिलांना म्हणाली.

"तुला? कशाला?"

"पावसात साकवाच्या अरुंद फळ्यांवरून पोरांना घेऊन मी जाते. तुम्ही मुंबईत असता. खाली पऱ्याचं पाणी फुगलेलं असतं. एक पोर पडलं तर मी नुसती बोंबलत बसू?"

वडिलांनी माझ्या पाठीचे नारळ सोडून तिच्या पाठीला बांधले. चुलती वरून ओरडली, "बाईमाणसानं विहिरीत उड्या मारायच्या?"

"पाणी काय बाई-पुरुष बघून बुडवतं?" आईने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि नाक धरून उडी मारली.

नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकली, ठसकली. वडील पाण्यात तिच्या बाजूला होते. "पाण्याशी भांडू नको. अंग सैल सोड." रोज दुपारी हेच चालायचं. आठवड्याभरात आधी एक नारळ सुटला, मग दुसरा. एका दुपारी आई नुसत्या हातापायांवर विहिरीच्या पलीकडच्या भिंतीला पोचली, जांभ्या दगडाची कड धरली आणि एवढ्या मोठ्याने हसली, की शेजारचे लोक बघायला आले. वडील टाळ्या वाजवत होते. माणसांदेखत त्यांनी आईचं कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी अजून पायरीवरच.

"आई, तुला भीती नाही वाटली?"

"अजून वाटते गो."

"मग?"

"घाबरत घाबरत मार उडी. भीती गेल्यावर मारीन म्हणशील, तर म्हातारी होशील."

मी डोळे मिटून उडी मारली. खाली गार, हिरवा अंधार होता, आणि मग एकदम वर ऊन. आईचे दोन हात माझ्या काखेत होते. थोड्या वेळाने तिने ते हळूच काढून घेतले. मला कळलंसुद्धा नाही. मी तरंगत होते!

पुढच्या मेमध्ये वडील सुट्टीवर आले, तेव्हा दुपारच्या विहिरीत वाडीतल्या बायकाच बायका होत्या. आई मधोमध उभ्याने पोहत हुकूम सोडत होती. चुलती पाठीला नारळ बांधून कड धरून बसली होती. वडील टॉवेल खांद्यावर टाकून पायऱ्या उतरले, तर आई खालूनच म्हणाली, "अहो, थांबा जरा. आमचं अजून झालं नाही."


वडील हसत हसत वर जाऊन पोफळीच्या सावलीला बसले.