कापडावरून नाडी

डॉक्टरसाहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला, आईच्या मनगटावर पसरला आणि त्यावर दोन बोटं टेकवून घड्याळाकडे बघत राहिले. ते व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत. आई पायरीखाली उकिडवी. ताप फणफणलेला, तरी हात असा लांब करून धरलेला, की आपली सावली खुर्चीवर पडू नये. नाडी मोजून झाली. आई रुमाल परत द्यायला लागली तर साहेब म्हणाले, "राहू दे तुलाच."

मी आठ वर्षांची. मला वाटलं, बक्षीस मिळालं.

हसा. मीही हसते. आता हसायलासुद्धा दम लागतो, ती गोष्ट वेगळी.

साहेब मुंबईचे नावाजलेले डॉक्टर. खंडाळ्याला बंगला. उन्हाळ्यात हवेला यायचे आणि सकाळी व्हरांड्यात गोरगरिबांना फुकट तपासायचे. सुधारक म्हणून नाव होतं. आमच्या लोकांबद्दल सभेत बोलताना त्यांचा गळा भरून येई. आम्ही महार. आई कुसगावच्या आमच्या वस्तीतून चालत जाऊन त्या बंगल्याचं आवार झाडायची. बाप घाटात रुळांवर गँगमन.

तो रुमाल मी सोडला नाही. वस्तीतल्या पोरांना रांगेत बसवायची, मनगटावर रुमाल टाकायची आणि डोळे मिटून नाडी बघायची. शेळीच्या पायावरही टाकायची. कुणी उघड्या मनगटाला बोट लावलं तर मी त्याला फटका द्यायची. तसं नसतं, म्हणायची. खरे डॉक्टर असं करतात, म्हणायची. आईचा अपमान मी असा पोरांना शिकवत होते, आणि वर तोरा किती!

पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली ती साहेबांच्याच चिठ्ठीवर. हे मी कधी लपवलं नाही. मॅट्रिक झाले, इंटर सायन्स झाले. वर्गात जंतूंचा धडा आला तेव्हा तर मला आनंदच झाला. अच्छा, म्हणून रुमाल! बेडूक फाडला, त्याचं उडतं काळीज चिमट्यात धरलं. पण आमच्या हुशारबाईंच्या डोक्यात उजेड म्हणून पडेना. रुमाल ट्रंकेच्या तळाशी, चार घड्या घालून. परीक्षेला जाताना त्याला हात लावून जायची.

दुसरी मोठी लढाई नुकतीच सुरू झाली होती त्या दिवसांत मला दोन पत्रं आली. एक मुंबईच्या मोठ्या कॉलेजचं. पाच वर्षं, विद्यापीठाची पदवी. दुसरं पुण्याच्या मेडिकल स्कूलचं. चार वर्षं आणि शेवटी नुसता परवाना. असल्या डॉक्टरला पदवीवाले बरोबरीनं बसवत नसत. पुण्याच्या फॉर्मवर बापाचा अंगठा चालणार होता. मुंबईच्या फॉर्मवर मात्र मुंबईत घर असलेल्या प्रतिष्ठित पालकाची सही हवी होती. असा माणूस आमच्या माहितीत एकच.

आई आणि मी खंडाळ्याला गेलो. मी नऊवारी सोडून पाचवारी नेसले होते, पायांत चपला. व्हरांड्याशी आल्यावर आईनं नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला काढल्या. सांगावं लागलं नाही, तेव्हा तर तेही मला वळण वाटलं.

आमच्या आधी शेजारच्या बंगल्यातली एक बाई खुर्चीत बसली होती. क्षयाची. खंडाळ्याला तेव्हा अशी माणसं हवापालटाला येत. खोकून खोकून ती निळी पडत होती, हातात झाकणाची थुंकदाणी. साहेबांनी आपली खुर्ची तिच्या जवळ ओढली. तिचं मनगट हातात घेतलं. उघडं. मग पाठीवर हात फिरवला, कपाळाला हात लावला. ती त्यांच्या तोंडासमोर खोकली, तरी मागं सरकले नाहीत.

मी बघत होते. जंतू. जंतूंचं आगर समोर बसलेलं, आणि रुमाल खिशात.

ती बाई गेली. साहेब आमच्याकडे वळले, आईला म्हणाले, दम लागतो म्हणतेस, दाखव बघू. आईनं हात लगेच पुढं केला नाही. रुमाल खिशातून बाहेर येईपर्यंत ती थांबली. मग केला.

ते थांबणं मी आयुष्यभर विसरले नाही.

साहेबांनी दोन्ही पत्रं वाचली. खूश झाले, खरोखर खूश झाले. मुंबईलाच जा, म्हणाले, सही करतो, पुस्तकं माझ्याकडची ने. मग खुर्चीत मागं रेलून, एखाद्याच्या पानात गोड वाढावं तशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर होऊन माझ्याच दवाखान्यात ये. मागच्या दाराला एक खोली देतो. तुमच्या लोकांना तू बघत जा. म्हणजे मला हा रुमालाचा व्याप नको."

आईनं हात जोडले. मीही जोडले. हो, जोडले! हात आधी जुळतात, डोकं मागाहून येतं. फौंटनपेन उघडून साहेब फॉर्म मागत होते. मी ट्रंकेतला रुमाल त्या दिवशी शुभ म्हणून कमरेला खोचून आणला होता. तो काढला आणि वरच्या पायरीवर ठेवला.

म्हटलं, "साहेब, हा तुमचा. मी पुण्याला जाते."

त्यांना काही कळलं नाही. कृतघ्न म्हणाले असतील, आम्ही वळल्यावर. मी काही फार शूर नव्हते. चपला तिथंच विसरले आणि अर्ध्या वाटेपर्यंत अनवाणी आल्यावर ध्यानात आलं. पुन्हा आणायला जायची हिंमत झाली नाही.

लोणावळ्याशी आल्यावर आई म्हणाली, "लय मोटं व्हतं गं ते. घालवलंस."

मी म्हटलं, तुला ठाऊक होतं ना, रुमाल कशाला ते?

"व्हय. मला ठावं न्हाई तर कुनाला?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

चालता चालताच म्हणाली, "तू दवाखाना दवाखाना खेळत व्हतीस. म्या कशाला मोडू?"

पुढची चार वर्षं मी पुण्यात काढली आणि कामशेतला दवाखाना टाकला. मोठी पदवी गेली ती गेलीच. सरकारी बैठकीत पदवीवाले पोरगे पुढं बसायचे, मी मागच्या बाकावर. वाईट वाटायचं. अजून वाटतं. चुकले का, असं मीही स्वतःला विचारते. एका सहीपुरतं गप्प बसून मुंबईची पदवी घेता आली असती, असं माझा मुलगा म्हणतो. आली असती. पण त्या मागच्या दारानं मला पुन्हा पुढं यायला किती वर्षं लागली असती, ते त्याला ठाऊक नाही.

रुमालानं तरी माझी पाठ कुठं सोडली? दवाखाना उघडून महिना झाला नसेल, वडिवळ्याहून एक पाटलीणबाई सुनेला घेऊन बैलगाडीतून आल्या. सून तापानं भाजत होती. मी हात पुढं केला तशी सासूनं सुनेच्या मनगटावर पदर ओढला. म्हणाल्या, "वरूनच बगा, बाई."

दहा वर्षांपूर्वीची मी असते तर आनंदानं बघितली असती, डोळे मिटून.

मी म्हटलं, "मावशी, कापडाला नाडी नसते."

त्या हलेनात. मीही हलेना. खोलीत सुनेच्या श्वासाचा तेवढा आवाज. मला भीती वाटत होती. ही बाई उठून गेली तर पोरगी वाटेत जाईल आणि ते माझ्यावर येईल. तरी हात पुढंच ठेवला. शेवटी सुनेनंच आपल्या हातानं पदर बाजूला केला.

आता बोटं बधिर झालीत, नाडी नीट लागत नाही. दवाखान्यात मी सकाळी तासभरच बसते. अजूनही एखादी म्हातारी येते आणि सवयीनं मनगट पदराखाली धरते. कधी ती त्यांच्यातली असते, कधी आपल्यातली. मी हात पुढं करते आणि थांबते. पदर निघेपर्यंत थांबते. ज्या दिवशी कापडावरून बघेन, त्या दिवशी मीच दाराला कुलूप लावीन.