नानांच्या होडीचं सुकाणू

माझे काका, नाना, काल गेले. आज त्यांच्या दारात बसून लोक त्यांच्यावर हसले, आणि मी गप्प राहिले.

हसण्यात वाईट हेतू नव्हता. आमच्या गावात, सावद्यात, गेली तीस वर्षं सांगितला जाणारा किस्सा कुणीतरी पुन्हा सांगितला. नाना समुद्रावर निघाले, चौथ्या दिवशी स्वतःच्या हातचं सुकाणू मोडलं, आणि आले परत केळीच्या बागेत.

तो किस्सा खोटा आहे.

नाना आधी नेव्हीत होते. सुटून आल्यावर केळी लावली, पण जीव पाण्यातच.

त्यांनी स्वतः एक होडी बनवली. चौदा फूट लांब. वर छप्पर नाही, इंजिन नाही. एक शीड, एक सुकाणू, आणि आत आलेलं पाणी उपसायला तेलाचा कापलेला डबा.

हतनूरच्या धरणावर ती चालवायचे. दोघं लागायचे, एक सुकाणूवर आणि दुसरा होडी कलेल तसं वजन टाकायला. अकराव्या वर्षापासून तो दुसरा माणूस मी होते.

अलिबागहून किनाऱ्या-किनाऱ्याने गोवा. दिवसा शीड, रात्री कुठल्याही गावच्या वाळूवर मुक्काम. हे त्यांचं स्वप्न.

मी अकरावीत होते. दिवाळीची सुटी. घरात आठ दिवस भांडण चाललं. पोरीला समुद्रात न्यायचं, डोकं फिरलंय का, असं काकूपासून शेजारच्यांपर्यंत सगळे बोलून झाले.

शेवटी माझे वडील, अण्णा, म्हणाले, "जाऊ दे तिला. टिकली तर बारावीनंतर पुण्याला पाठवतो. रडत आली तर भुसावळच्या पुढे पाऊल नाही."

अण्णा गंमत करत नसत.

होडी केळीच्या ट्रकवर उलटी बांधून पनवेलला गेली. तिथून टेम्पोने अलिबागला. नाना आता माशांना केळी विकणार का, असं ट्रकवाला वाटभर विचारत होता.

पहिले तीन दिवस काय सुंदर होते म्हणून सांगू.

पहिल्याच सकाळी धरणावरच्या सवयीने मी हात बुडवला आणि ओंजळभर पाणी प्यायले. नाना इतके हसले की शीड सुटलं हातातून.

काकूने दिलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, खाऱ्या हवेने मऊ पडल्या होत्या. त्याही आम्ही संपवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी, श्रीवर्धन मागे टाकल्यावर, किनारा दिसेनासा झाला.

वादळ नव्हतं. लाटा नेहमीच्याच. नुसतं धुरकट झालं होतं, अर्धा तास. धरणाला चारी बाजूंनी काठ असतो. इथे एकाही बाजूला काही नव्हतं.

मी होडीच्या तळाशी बसले आणि ओरडायला लागले. वजन टाकायला उठेचना. नाना एकटे सुकाणूही धरत होते, शीडही, पाणीही उपसत होते. होडी वळवली आणि किनाऱ्याला लावली.

वाळूवर मी म्हटलं, मला घरी जायचंय. उद्यापण नाही बसणार मी.

"काबरं रडू राह्यली? कोनी मारलं का तुले?"

मी म्हटलं, अण्णा आता पुण्याला पाठवणार नाहीत.

त्यांनी समुद्राकडे बघितलं. वारा चांगला होता. गोव्याच्या दिशेचा.

मग त्यांनी सुकाणू काढलं, खडकावर आडवं ठेवलं, आणि मोठा दगड उचलून त्यावर घातला. तीन वेळा घालावा लागला. तुटत नव्हतं.

"सुकानू तुटलं. घरी इतलंच सांगायचं."

"नाना, लोक हसतील तुम्हाला."

"हसतीन दोन दिवस. तुले पुन्याले जायाचं हाये का नही?"

मी पुण्याला गेले. हॉस्टेल, डिग्री, नोकरी, आज धुळ्यातलं माझं घर, सगळं त्यानंतरचं.

आणि नानांचं?

ज्याच्या हातचं सुकाणू मोडतं त्याच्या होडीत कोण बसणार? पुतण्यांना विचारलं, मित्रांना विचारलं. काकूने तर शपथच घातली. त्यांनी माझ्यासाठी सांगितलेल्या खोट्याने त्यांचाच समुद्र बंद झाला.

हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं लिहायचा मोह होतोय. कळत होतं.

थर्ड इयरला असताना ते हॉस्टेलवर आले. गेटपाशी उभ्या उभ्या म्हणाले, उरलेलं पुरं करायचं का एकदा? मी सबमिशनचं कारण सांगितलं. ते म्हणाले, कर कर, ते आधी. पुन्हा कधी विषय काढला नाही.

होडी त्यांनी हतनूरच्या एका मासेमाराला देऊन टाकली, नवं सुकाणू बसवून. त्याने ती वर्षानुवर्षं वापरली. काही मोडलं नाही.

माझ्या लग्नात अण्णांनी माझ्या सासरच्यांना तो किस्सा रंगवून सांगितला. मांडवभर हशा. नाना पंगतीत वाढत होते, तेही हसले.

मीही हसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून बघितलं नाही.

आज सकाळी तोंड उघडायची वेळ होती. समोर काकू होती, अण्णा होते. मी चहाचे कप गोळा करत राहिले.

म्हणून इथे लिहितेय. अण्णांकडे फोन नाही, त्यांना दिसतही नाही नीट. घरातल्या मुलांनो, ज्याला ही पोस्ट आधी दिसेल त्याने ती अण्णांना आणि काकूला मोठ्याने वाचून दाखवा. ओसरीवर बाकीचे बसलेले असतील तेव्हाच वाचा.

मी आत स्वयंपाकघरात आहे. वाचून झालं की बाहेर येते.

नाना, तुमच्या पायांवर डोकं ठेवते. या आता.